माणसाच्या वासावरून गुन्हेगार ओळखता येतो म्हणतात, ते कितपत खरं?

मुक्काम_पोस्ट:

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण महिनाभर डोक्यातून जात नाहीये म्हणून शेवटी धागा काढलाच.

आमच्या गल्लीत मागच्या महिन्यात घरफोडी झाली. शेजारचे आप्पा-काकू पुतणीच्या लग्नाला गेले होते, चोराने मागचं दार उचकटलं, कपाट फोडलं, काकूंच्या पाटल्या आणि थोडी रोकड घेऊन गेला. कटावणी तिथेच दारात टाकून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी श्वानपथक आलं, डॉबरमन कुत्री होती, एकदम तुकतुकीत. अख्खी गल्ली गच्च्यांवर. तिला कटावणीचा वास दिला तशी ती निघाली, मागचं दार, मग परसातला पाण्याचा हौद, हौदाला दोन चकरा, मग कुंपणाच्या फटीतून बोळात आणि तिथून सरळ हायवेला रसवंतीपाशी जाऊन गोल गोल फिरायला लागली. पेपरात दुसऱ्या दिवशी आलंच, "श्वान रसवंतीगृहापर्यंत जाऊन घुटमळले." हे "घुटमळले" मी शाळेत असल्यापासून वाचतोय, एकदा तरी घुटमळायचं सोडून कुणाला पकडलंय का यांनी कधी.

पण खरा घोळ पुढे झाला. परत येताना गर्दीत एक पोरगा उभा होता, प्लंबरच्या हाताखाली काम करतो, वीस-एकवीसचा असेल. कुत्री त्याच्यापाशी थांबली, त्याची पँट हुंगली आणि भुंकली. पोलिसांनी त्याला नेलं, चौकशी केली, संध्याकाळी सोडलं. काहीच सापडलं नाही. पण तेव्हापासून गल्लीत त्याला कुणी काम देत नाही. "कुत्रं खोटं बोलत नसतं," हे एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी.

तर जाणकारांनी सांगा. प्रत्येक माणसाचा वास बोटांच्या ठशासारखा वेगळा असतो का? असला तर त्याची लॅबमध्ये टेस्ट का होत नाही? आणि कुत्र्याने असं दाखवलं तर कोर्टात त्याला किती किंमत?

फटकळ_मावशी:

आमच्या ह्यांचे मोजे मी डोळे मिटून हजार मोज्यांतून काढून दाखवीन, माझी साक्ष घेतात का बघा 😄

बाकी त्या पोराचं वाचून वाईट वाटलं. वाचतेय, लिहा कुणीतरी.

जीसी_वाले:

मी अंबरनाथच्या एका कंपनीत अ‍ॅनालिटिकल लॅबमध्ये आहे, दिवसभर वास आणि बाष्पं हाच धंदा, त्यामुळे तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो, कोर्टाचं कुणीतरी वकील लिहील.

आधी एक गैरसमज. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. काखेतल्या ग्रंथींतून जो द्राव येतो तो बिनवासाचा, त्याच्यावर कातडीवरचे जिवाणू ताव मारतात आणि त्यातून जी आम्लं आणि गंधकाची संयुगं सुटतात ती आपल्याला लोकल ट्रेनमध्ये सहा वाजता कळतात. कुणाच्या काखेत कुठले जिवाणू राहतात, किती राहतात, त्यांना खायला काय मिळतं हे माणसागणिक वेगळं. त्यात जनुकांचा भाग आहेच. एबीसीसी११ नावाचं जनुक आहे, त्यात एका अक्षराचा फरक असला की काखेचा वास जवळपास येतच नाही आणि गंमत म्हणजे कानातला मळही कोरडा होतो. चीन, जपान, कोरियात बहुतेक लोक असेच. म्हणजे कानातला मळ बघून काखेचा अंदाज बांधता येतो, जेवताना वाचू नका.

पण चोर काही कटावणी काखेत धरत नाही. हाताच्या वासाचा हिशोब वेगळा. तळहाताला तेलग्रंथी नसतात, पण आपण दिवसभर तोंडाला केसांना हात लावतो त्यामुळे ते तेल हाताला येतं, हवेत त्याचं ऑक्सिडेशन होऊन नोनॅनाल, डेकॅनाल असली अल्डिहाइडं तयार होतात. वस्तूवर राहतो तो हा माल, आणि सोबत कातडीचे न दिसणारे कोंड्यासारखे कण.

या विषयातले लोक वासाचे तीन थर मानतात. पहिला, जो तुमचा स्वतःचा, खाण्यापिण्याने न बदलणारा. दुसरा, तुम्ही काय खाता, कुठे राहता त्याचा. तिसरा वरून लावलेला, म्हणजे साबण, खोबरेल, विक्स, तंबाखू. सगळी मेख ही की दुसरा-तिसरा बाजूला सारून पहिला तेवढा उचलायचा कसा. कुत्र्याला ते जमतं असं दिसतं. झेक लोकांनी २०११ मध्ये फार सुंदर प्रयोग छापला होता, एकाच घरात राहणारी, एकच जेवण जेवणारी जुळी मुलं घेतली, अगदी एकसारखी, डीएनएही तोच, आणि पोलिसांच्या १० जर्मन शेफर्डना त्यांचे वास ओळखायला दिले. एकही कुत्रा एकदाही चुकला नाही. १९५५ मध्ये इंग्लंडात असाच प्रयोग झाला होता त्यात कुत्री जुळ्यांत गोंधळली होती, म्हणजे ट्रेनिंगचा वाटा केवढा मोठा आहे बघा.

आता मशीन. आमच्याकडे जीसी-एमएस असतं, त्यात वासाचं मिश्रण घालायचं, ते एकेक घटक सुटा करून कागदावर शिखरं काढून देतं. फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीची मंडळी यावर बरीच वर्षं काम करतायत. २०२३ मध्ये त्यांनी ६० लोकांच्या तळहातांचे वास घेऊन ते बाईचे की पुरुषाचे हे ९६.६७ टक्के अचूक सांगितलं. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं "आता वासावरून गुन्हेगार पकडणार" झालं. अहो, बाई की पुरुष एवढंच सांगितलंय, कोण ते नाही! या दोन्हींत घाट आणि कोकणाएवढं अंतर आहे.

डीएनएत आम्ही सांगू शकतो की हा नमुना योगायोगाने दुसऱ्या कुणाशी जुळण्याची शक्यता अमुक कोटीत एक. वासाला असा आकडा द्यायचा तर हजारो माणसांचे, वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या ऋतूंतले नमुने एकाच पद्धतीने घेतलेले हवेत. माझाच सकाळचा आणि रात्रपाळीनंतरचा नमुना मशीनला घातला तर तीच शिखरं पण उंच्या भलत्याच येतात. म्हणून लॅबचा रिपोर्ट येत नाही, कुत्री येते.

काळा_कोट_सांगली:

कोर्टाचं मी सांगतो. फौजदारीत आहे त्यामुळे हे "श्वान" माझ्या वाट्याला अधूनमधून येतं.

थोडक्यात उत्तर, तपासाला चालतं, शिक्षेला नाही. आणि गंमत म्हणजे यावरचा सगळ्यात जुना गाजलेला निकाल आपल्याच राज्यातला आहे. अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सुप्रीम कोर्ट, १९६९. रेल्वे घातपाताचं प्रकरण. पोलिसांच्या कुत्र्याने आरोपीला ओळखलं होतं. कोर्टाने तीन आक्षेप नोंदवलेत ते मी ज्युनियर पोरांना तोंडपाठ करायला लावतो. एक, कुत्र्याला पिंजऱ्यात उभं करून शपथ देता येत नाही आणि त्याची उलटतपासणी घेता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने हँडलर बोलणार, म्हणजे ती ऐकीव गोष्ट झाली. दोन, माणसाचा जीव आणि स्वातंत्र्य कुत्र्याने काढलेल्या अनुमानावर टांगून ठेवू नये. तीन, अशा पुराव्याचा ज्युरीवर जो नाट्यमय परिणाम होतो तो त्याच्या खऱ्या किमतीपेक्षा फार जास्त असतो. ज्युरी आपल्याकडून गेली, पण तुमची गच्चीवरची गल्ली म्हणजे ज्युरीच की. कोर्ट शेवटी म्हणालं की हा पुरावा ग्राह्य धरला तरी त्याला एरवी फारसं वजन देता येत नाही.

२००१ मध्ये आंध्रच्या एका प्रकरणात, गडे लक्ष्मी मंगराजूच्या, सुप्रीम कोर्टाने परत तेच जास्त स्पष्ट सांगितलं. तपास यंत्रणेने कुत्र्याची मदत जरूर घ्यावी, पण न्यायनिवाडा करताना कोर्टाला ती चैन परवडणारी नाही. म्हणजे कुत्रं ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे चोरीचा माल सापडला, ठसे जुळले, तर पुरावा तो माल आणि ते ठसे. कुत्रं फक्त वाट दाखवणार.

आणि २०२२ चा गुन्हेगार ओळख कायदा आहे ना, त्यात आरोपीचं काय काय घेता येतं त्याची यादी आहे, बोटांचे-तळव्यांचे ठसे, फोटो, बुबुळ, रक्तासारखे जैविक नमुने. "वास" हा शब्द त्या यादीत नाही.

ज्यांना वाटतं की परदेशात हे सगळं पुढे गेलंय त्यांनी टेक्सासचं वाचावं. तिथे पिकेट नावाचा एक डेप्युटी शेरीफ, म्हणजे पोलीसवाला, होता, स्वतःच्या ब्लडहाउंड कुत्र्यांना घेऊन "वासाची ओळख परेड" घ्यायचा, एकाचं नाव चक्क जेम्स बाँड. पत्र्याच्या डब्यांत वेगवेगळ्या माणसांचे वास, कुत्रं ज्या डब्यापाशी इशारा देईल तो गुन्हेगार. एका खुनात तर खुनानंतर जवळजवळ तीन वर्षांनी मयताच्या कपड्यांवरचा वास घेऊन ही परेड झाली, आणि मुख्यतः तेवढ्यावर एका माणसाला ७५ वर्षं शिक्षा. २०१० मध्ये टेक्सासच्या वरच्या फौजदारी कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं आणि म्हटलं की केवळ वासाची ओळख शिक्षेला पुरेशी नाही. तोवर माणूस आत होता.

तुमच्या पोराविरुद्ध कोर्टात यातलं काही टिकायचं नाही. गल्लीचं मात्र काही करता येत नाही, तिथे अपील नसतं.

मुक्काम_पोस्ट:

दोघांचे आभार, एवढं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. पण साहेब मला एक कळत नाही, जीसीवाले म्हणतात कुत्रं जुळ्यांतही फरक करतं, तुम्ही म्हणता कोर्ट मानत नाही. मग चूक नाकाची की कोर्टाची?

लाइपझिगकर:

दोघांचीही नाही, चूक दोरी धरणाऱ्याची असते. सांगतो कशी.

मी लाइपझिगला असतो, इथे पूर्वीच्या स्टाझीच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या ऑफिसात आता म्युझियम आहे. आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो. तिथे एका कपाटात काचेच्या बरण्या मांडल्यात, अगदी आपल्या लोणच्याच्या बरण्या असाव्यात तशा, रबराची रिंग असलेल्या घट्ट झाकणाच्या, आणि प्रत्येकीत पिवळं फडकं. आई पहिल्यांदा म्हणाली, "हे काय, पुसणी बरणीत का ठेवलीत?" तर ते माणसांचे वास. संशयिताला काहीतरी निमित्त काढून चौकशीला बोलवायचं, खुर्चीवर बसवायचं, खुर्चीच्या गादीवर आधीच हे फडकं. तो गेला की चिमट्याने फडकं उचलून बरणीत, वर चिठ्ठी. उद्या कुठे सरकारविरोधी पत्रक सापडलं की कुत्र्याला आधी पत्रक हुंगवायचं मग बरण्या. आई नंतर बराच वेळ काही बोलली नाही, फक्त बाहेर आल्यावर म्हणाली की बसायला दिलेल्या खुर्चीवरही विश्वास ठेवायचा नाही म्हणजे कठीणच.

आणि ही कल्पना स्टाझीसोबत मेली असं समजू नका. २००७ ला हायलिगेनडामला जी-८ ची परिषद होती, त्याआधी जर्मन सरकारने काही आंदोलकांचे वास गोळा केले, तेव्हा इथे केवढा गदारोळ झाला होता. लोकांना लगेच त्या बरण्याच आठवल्या.

आता तुमच्या प्रश्नाकडे. शेजारी नेदरलँड्समध्ये पोलिसांनी ही ओळख परेड फार पद्धतशीर बसवली होती. संशयिताच्या आणि बाकीच्या निरपराध लोकांच्या हातात स्टीलच्या नळ्या धरायला द्यायच्या, मग त्या ओळीने मांडायच्या, कुत्र्याला गुन्ह्यातली वस्तू हुंगवून सोडायचं. नियम असा की संशयिताची नळी कितव्या नंबरला आहे ते हँडलरला माहीत असता कामा नये. कागदावर नियम उत्तम. २००६ मध्ये बाहेर आलं की उत्तर-पूर्वेकडच्या पथकात हँडलरना वर्षानुवर्षं ती जागा माहीत असायची, आणि रिपोर्टात मात्र "माहीत नव्हती" असं लिहिलं जायचं. झालं, जुन्या कितीतरी शिक्षा पुन्हा उकरून तपासाव्या लागल्या. कुत्री तीच, नाकं तीच.

फ्रेंच लोक अजून करतात हे, २००३ पासून, ल्योंजवळ एकुलीला त्यांचं केंद्र आहे. पण म्हणे ते कुत्र्याला फार कडक पद्धतीने तयार करतात.

जीसी_वाले:

लाइपझिगकर, +१. यावर २०११ चा डेव्हिस विद्यापीठाचा, म्हणजे कॅलिफोर्नियातला, एक प्रयोग आहे तो सांगायचा राहिला. माणसाच्या वासाचा नाही, अंमली पदार्थ आणि स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यांचा, पण मुद्दा तोच. १८ हँडलर-कुत्र्यांच्या जोड्या. हँडलरना सांगितलं की खोलीत माल लपवलाय आणि लाल कागद लावलाय तिथे आहे. प्रत्यक्षात खोलीत काहीच नव्हतं. तरी कुत्र्यांनी ढिगाने इशारे दिले, आणि लाल कागदापाशी जास्त. कुत्रं खोटं बोलत नसतं हे खरं, पण ते मालकाचं तोंड वाचतं.

साखळीवाला:

नमस्कार. मी खात्यातून रिटायर्ड आहे, नोकरीतली ११ वर्षं श्वानपथकात काढली, पुण्याला ट्रेनिंग झालं. टायपिंगला वेळ लागतो, चुका सांभाळून घ्या. वर शिकलेल्या लोकांनी लिहिलंय ते बरोबर आहे पण "घुटमळले" म्हणून हसू नका राव, घुटमळणं ही पण माहिती असते. कुत्री जिथे घुटमळली तिथे चोर गाडीवर बसला असं समजायचं, आणि तिथून पुढे आजूबाजूचे कॅमेरे बघायचे. पूर्वी पानटपरीवाल्याला विचारायचो की काल रात्री इथे कुठली गाडी उभी होती, आता कॅमेरे आलेत एवढाच फरक.

माग काढणं वेगळं आणि माणूस ओळखणं वेगळं, लोक दोन्हीची खिचडी करतात. माग काढताना कुत्री जमिनीवरचा वास घेते, त्यात माणसाचा वास असतो, तुडवलेल्या गवताचा असतो, मातीचा असतो. पहाटे दव असताना सोनं, दुपारी डांबरी रस्ता तापला की माती. तुमच्याकडे दुपारी पथक आलं म्हणता, तोवर घरातून किती लोक फिरून गेले असतील? मी घटनास्थळी गेलो की आधी विचारायचो आत कोण कोण जाऊन आलं, आणि उत्तर कायम एकच, "कुणीच नाही साहेब," आणि आत बघावं तर चहाचे कप.

दोरीबद्दल बोलले ते शंभर टक्के. माझी पहिली कुत्री होती राणी, तिला माझ्या हातातली ढील आणि ताण बायकोपेक्षा जास्त कळायचा. मला एखाद्यावर डाऊट असला आणि मी त्याच्यासमोर अर्धा सेकंद जरी रेंगाळलो तरी ती तिथे बसायची, मग शाबासकी, मग बिस्किट. मुद्दाम करत नाही कुणी. म्हणून जुने वस्ताद सांगायचे गर्दीतून जाताना नजर कुत्रीच्या पाठीवर ठेव, माणसांच्या तोंडाकडे बघू नको.

आता तुमच्या केसबद्दल दोन गोष्टी विचारतो. ती कटावणी कोणाची होती? चोराने बरोबर आणलेली का घरातली? आणि कुत्रीने हौदाला दोन चकरा मारल्या म्हणता. चोर हौदाला चकरा कशाला मारेल, त्याला पाटल्या पाहिजेत. तो पोरगा त्या हौदावर कधी कामाला होता का?

फटकळ_मावशी:

अगंबाई!

मुक्काम_पोस्ट:

साखळीवाले काका, तुमचं वाचून उठलो आणि चप्पल घालून सरळ काकूंकडे गेलो.

कटावणी आप्पांचीच. मागच्या पडवीत घंगाळाशेजारी कायम पडलेली असते, चोराला आयतीच मिळाली. आणि लग्नाला जायच्या आदल्या दिवशी हौदाचा व्हॉल्व्ह गळत होता म्हणून त्या पोराला बोलावलं होतं. हौदाचं सिमेंटचं झाकण जड, त्याला एकट्याला उचलेना, तेव्हा काकूंनीच त्याला कटावणी काढून दिली होती. अर्धा तास तो त्या कटावणीने झाकण रेटत होता, घामाघूम झाला होता, काकूंना हे सगळं आठवतंय, त्यांनी त्याला सरबतही दिलं होतं. आणि कामाला तो नेहमी बोळातून कुंपणाच्या फटीतूनच येतो, सायकल हायवेला रसवंतीपाशी लावून.

पोलिसांना हे सांगितलंत का विचारलं तर काकू म्हणाल्या, कुणी विचारलंच नाही.

आप्पा सदरा घालतायत, आम्ही दोघं आत्ता चौकीत जाऊन जबाब देतो. येताना त्याच्या घरावरून येऊ.

काळा_कोट_सांगली:

जबाब लेखी द्या आणि पोच घ्या. कटावणी मुद्देमालात जमा आहे का आणि पंचनाम्यात "घरातील" असं लिहिलंय की "आरोपीने आणलेली" ते नक्की बघा.